कॅरॅव्हॅन जहाजावर चढण्याआधीच खिसा रिकामा?

प्रश्न : टेम्पो ट्रॅव्हलरची कॅरॅव्हॅन करून घेतली आहे. ती मुलाकडे ऑस्ट्रेलियाला वर्षभरासाठी न्यायची आहे. एजंटाने सांगितलेल्या भाड्यात सगळं भागेल का? – एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : नाही भागणार. तुमची उंच गाडी साध्या कंटेनरच्या दारातून जाणार नाही; त्याची उंची सुमारे २.२८ मीटर असते. म्हणजे गाड्या चालवत चढवायचं रो-रो जहाज. तिथं भाडं बहुधा घनमीटरवर लागतं, म्हणून टपावरचा कॅरियर आधी उतरवा. गॅस सिलिंडर घरीच ठेवा. जहाजाची तारीख पुढे सरकली, तर बंदरात उभ्या गाडीचं भाडं तुमच्या माथी बसू शकतं. ते कोण भरणार, हे एजंटाकडून लेखी घ्या. पलीकडच्या बंदराचे आकार वेगळे असतात, आणि स्वस्त कोटेशनमध्ये नेमके तेच गायब असतात.

परतीच्या बोलीवर नेत असाल तर कार्नेट, म्हणजे गाडी आयातशुल्क न भरता तात्पुरती परदेशी नेण्याचा सीमाशुल्क दस्तऐवज, काढा. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ते देते; मुदत १ वर्ष. त्यासाठी हमी ठेवावी लागते, तेव्हा काही रक्कम अडकणारच.

खरी धास्ती मात्र चिखलाची. ताडोबा, आलापल्लीच्या वाटांवरची माती, कुसळं, पालापाचोळा चाकांच्या कमानीत आणि रेडिएटरच्या जाळीत दडून बसतो. ऑस्ट्रेलियाचे जैवसुरक्षा अधिकारी तो शोधतातच. सापडला की तिथल्या दराने धुलाई, पुन्हा तपासणी आणि तोवरचं गोदामभाडं. गाडी लिफ्टवर चढवून खालून वाफेने धुऊन घ्या, फोटो काढा, आणि त्यानंतर जंगलाकडे फिरकू नका.