रॅक उघडणारा दुसराच असतो

वाशीम जिल्ह्यात नेटवर्क केबलिंगचं काम करताना एक गोष्ट लवकर कळते: बिघाड झाला की जाणकार माणूस लगेच पोहोचत नाही. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, कुठंही जा, पतसंस्था, दवाखाने, महाविद्यालयं, आडत्यांच्या पेढ्या सगळं संगणकावर चालतं. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून फुटून आपला जिल्हा वेगळा झाला आणि कार्यालयं वाढत गेली. तरी चांगला स्विच, महागडा टेस्टर किंवा मुरलेला इंजिनिअर हवा असेल, तर आजही बहुतेक वेळा सुमारे ८० किलोमीटरवरच्या अकोल्याकडेच बघावं लागतं. तोवर बंद पडलेल्या रॅकसमोर फोन कानाला लावून उभा असतो तिथला कारकून नाहीतर शिपाई. तो माणूस डोळ्यांसमोर ठेवूनच मी तार टाकतो. पुढचं सगळं त्यातून शिकलेलं आहे.

१. ड्रिल काढण्याआधी इमारत फिरून घ्या

नकाशा मिळाला तरी इमारत पायी फिरावी, आणि मालकाइतकंच रखवालदाराशी व झाडणाऱ्या मावशींशी बोलावं. कोणत्या कोपऱ्यात पावसाळ्यात पाणी झिरपतं, कोणत्या भिंतीला ओल धरते, दिवाळीच्या साफसफाईत कोणतं कपाट सरकतं, हे त्यांनाच ठाऊक असतं. रॅकची जागा ठरवताना ही माहिती सोन्याच्या मोलाची. जिन्याखाली पाण्याच्या मोटारीशेजारी किंवा संडासाच्या भिंतीला लागून रॅक टांगलेले मी पाहिले आहेत, कारण तेवढीच जागा ‘रिकामी’ होती.

मग मोजणी. भिंतीतली पक्की तार जास्तीत जास्त ९० मीटर, आणि दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड मिळून १० मीटर, असा हा १०० मीटरचा हिशोब आहे. मोजायचं ते तारेच्या वाटेनं: छतापर्यंतचा चढ, खांबाचा वळसा, रॅकमध्ये ठेवायचा लूप, सगळं धरून. आपल्याकडे त्यात आणखी एक भर घालावी लागते. ते ९० मीटर २० अंश तापमानासाठी आहेत. तार तापली की सिग्नल जास्त क्षीण होतो. ६० अंशाला हीच मर्यादा ७५ मीटरवर येते. मे महिन्यात वाशीमचा पारा ४२-४३ च्या वर जातो, तेव्हा गोदामाच्या टिनपत्र्याखाली हात लावून पाहा. म्हणून टिनाखालून जाणारी तार मी ७० मीटरच्या पुढं नेत नाही. अंतर त्याहून जास्त असेल तर मध्ये दुसरा छोटा रॅक लावतो. मालकाला खर्च वाढल्यासारखा वाटतो, पण उन्हाळ्यात दुपारीच नेट का रडतं, हा प्रश्न मग उरत नाही.

२. तांबं खरं आहे का ते बघा

बाजारात दोन पेट्या शेजारी ठेवलेल्या असतात. दोन्हींवर कॅट-६ लिहिलेलं, दोन्हींत ३०५ मीटर, आणि भावात मोठा फरक. स्वस्त पेटीतली तार बहुधा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते. ब्लेडनं कोर खरवडली की आतून पांढरी निघते. पेटी उचलली तरी हलकेपणा जाणवतो. या तारेचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो, आणि कॅट-६ च्या मानकात ती बसतच नाही.

नुसता संगणक जोडला तर ती चालून जाते, म्हणून ती खपते. खरी अडचण होते ती कॅमेऱ्यांना. कॅमेऱ्याला वीज त्याच तारेतून जाते: २००३ च्या मानकात एका पोर्टवरून १५.४ वॅट, २००९ मध्ये ३०, आणि २०१८ च्या मानकात ९० वॅटपर्यंत. एका व्यापाऱ्याच्या गोदामात कॅमेरे दिवसभर ठीक चालायचे आणि अंधार पडला की बंद-चालू व्हायला लागायचे. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, विजेची मागणी वाढते, आणि लांबलचक ॲल्युमिनियमच्या तारेत दाब इतका पडतो की कॅमेरा तग धरत नाही. दोन कॅमेरे बदलून झाले होते. तार बदलली आणि प्रश्न मिटला. राखणीची गरज रात्रीच असते, आणि नेमके तेव्हाच डोळे मिटणारे कॅमेरे काय कामाचे?

३. विजेच्या पाइपात नेटची तार नाही

“एकच पाइप आहे, त्यातूनच टाका ना भाऊ,” हे प्रत्येक साइटवर ऐकू येतं. टाकायचं नाही. २३० व्होल्टच्या वायरीचं आवरण सोललं तर करंट थेट संगणकापर्यंत आणि माणसाच्या हातापर्यंत येतो. शेजारून जातानाही अंतर ठेवावं, आणि ओलांडणं भागच असेल तर काटकोनात ओलांडावं. यासाठी इलेक्ट्रिशियन आणि पीओपीवाल्या मिस्त्रीशी काम सुरू होण्याआधी बोलायला हवं. छत बंद झाल्यावर बोलून उपयोग नाही.

४. तार ओढताना जोर मनगटात ठेवा, खांद्यात नाही

चार जोड्यांच्या तारेला सुमारे ११ किलोच्या वर ओढ सोसत नाही. त्याहून जास्त जोर लावला तर आतल्या जोड्यांचा पीळ ताणला जातो. बाहेरून काहीच दिसत नाही. पाइप ४० टक्क्यांच्या वर भरू नये, वळण तारेच्या जाडीच्या चौपटीहून तंग असू नये, आणि छतावर तार पीओपीच्या पट्ट्यांवर टाकून देऊ नये. तिला स्वतःचा ट्रे किंवा हूक हवा. स्प्रिंग घालून तार ओढताना तिच्याबरोबर एक नायलॉनची दोरी पाइपात सोडून द्यावी. उद्या एक तार वाढवायची झाली तर येणाऱ्याला भिंत फोडावी लागत नाही.

५. अर्ध्या इंचाची शिस्त

तारेतल्या जोड्यांना पीळ असतो तो एका जोडीचा सिग्नल दुसरीत मिसळू नये म्हणून. आयओवर, म्हणजे भिंतीवरच्या सॉकेटवर, किंवा पॅच पॅनलवर पंच करताना हा पीळ अर्ध्या इंचापेक्षा, म्हणजे साधारण १३ मिलिमीटरपेक्षा, जास्त उलगडायचा नाही. पोरं सोयीसाठी दोन-दोन इंच उलगडतात. तिथंच कॅट-६ ची कॅट-५ होते.

रंगांचा क्रम सगळीकडे एकच ठेवा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी टी-५६८-बी चालतो: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. १९९१ मध्ये अमेरिकेत हे मानक निघालं त्याआधी प्रत्येक कंपनीच्या संगणकाची तारही वेगळी असायची. एका इमारतीत सगळ्या कंपन्यांची यंत्रं एकाच तारेवर चालावीत म्हणून लोकांनी खपून हा क्रम ठरवला. साइटवर मनाचा क्रम लावला की ते सगळे कष्ट वाया जातात. एका तारेच्या चार जोड्यांतून दोन संगणक काढण्याचा जुगाडही सोडा. गिगाबिटला चारही जोड्या लागतात.

६. ड्रेसिंग दिसायला सुंदर असतं, पण ते शोधण्यासाठी असतं

रॅकच्या मागं तारा कशा बसवल्या यावर माझं सर्वांत जास्त लक्ष असतं. वेणी घालताना जसे केसांचे पेड आधी वेगळे करतात, तशा तारा आधी खोलीनिहाय वेगळ्या कराव्यात, सरळ विंचराव्यात आणि मग बांधाव्यात. बांधायच्या त्या वेल्क्रोच्या पट्टीनं. प्लास्टिकची टाय पक्कडीनं आवळली की तार चेपते, पीळ बिघडतो, आणि एक तार काढायची तर अख्खा जुडगा कापावा लागतो. कापताना शेजारची चांगली तार कापली जाणं हे मी इतरांच्या साइटवर इतक्यांदा पाहिलंय की आमच्या पेटीत टायचं पाकीटच नसतं.

पॅच पॅनल, त्याखाली केबल मॅनेजर, त्याखाली स्विच, हा क्रम ठेवला तर अर्ध्या मीटरची पॅच कॉर्ड पुरते. दोन-तीन मीटरच्या कॉर्ड गुंडाळून रॅकमध्ये कोंबल्या की दार लागत नाही, हवा खेळत नाही. लूप हवा, पण तो छतावर किंवा ट्रेमध्ये, मोकळा. पॅनल पुढं सरकवून दुरुस्त करता येईल इतकी तार मागं शिल्लक राहिली पाहिजे.

हवेचा मुद्दा आपल्याकडे वेगळा आहे. सोयाबीनच्या हंगामात, दसऱ्यापासून पुढं, बाजार समितीच्या आवारात, दालमिलमध्ये, आडत्यांच्या दुकानांत पिवळा भुसा आणि धूळ सगळीकडे बसते. स्विचचा पंखा ती आत ओढतो, मोकळ्या पोर्टमध्ये ती साचते. अशा जागी मी बिनपंख्याचा स्विच सुचवतो, रॅकला जाळीचा फिल्टर लावतो आणि मोकळ्या पोर्टना टोप्या घालतो. टोपीला जवळजवळ काहीच पडत नाही. हंगाम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर फिल्टर झाडायचा, हे तिथल्याच एखाद्या माणसाच्या अंगवळणी पाडून यावं.

७. लेबल भिंतीचं, माणसाचं नाही

बहुतेक ठिकाणी लेबल असलंच तर त्यावर ‘मॅनेजर साहेब’, ‘कॅश १’ असं लिहिलेलं असतं. साहेब बदलतात, कॅशचा काउंटर दाराजवळून आत सरकतो, आणि लेबल खोटं ठरतं. खोटं लेबल असण्यापेक्षा लेबल नसलेलं बरं. निदान माणूस त्यावर विसंबत तरी नाही. म्हणून नंबर जागेला द्यावा: खोली, भिंत, त्या भिंतीवरची जागा. ‘दोन-ब-तीन’ म्हणजे दुसरी खोली, ब भिंत, तिसरा आयओ. हाच नंबर फेसप्लेटवर, हाच पॅनलवर, आणि हाच तारेच्या दोन्ही टोकांना. पेननं लिहू नये. उन्हानं आणि घामानं ते पुसट होतं. छापील लेबल पारदर्शक शेपटीनं तारेभोवती गुंडाळलं की वर्षानुवर्षं वाचता येतं.

आज त्या जागेवर कोण बसतं, हे एका वेगळ्या कागदावर लिहायचं. तो कागद लॅमिनेट करून रॅकच्या दाराच्या आतून चिकटवायचा आणि माणसं हलली की नवा लावायचा. या कागदामुळं काय होतं ते फोनवर कळतं.

“दादा, कॅशचा कॉम्प्युटर बंद पडला, लोकं बोंबलून राहिले.”

“काका, डब्याचं दार उघडा. आतल्या कागदावर कॅशसमोर काय लिहिलंय?”

“दोन-ब-तीन.”

“आता वरच्या पट्टीवर तोच नंबर शोधा. त्यातली निळी वायर खाली कितव्या भोकात गेली?”

“सहा. तिथला दिवा नाही लागून राहिला.”

“ती काढून सातमध्ये लावा.”

“लागला, दादा!”

हा शिपाई संगणक शिकलेला नसतो. त्याला वाचता येतं, आणि आम्ही वाचण्याजोगं काही ठेवलेलं असतं, एवढ्यावर पतसंस्थेचा काउंटर पुन्हा सुरू होतो. बाहेर रांगेत पीककर्जाचे पैसे काढायला आलेला, गावाकडची शेवटची एसटी गाठायची असलेला माणूस उभा असतो. लेबलं लावण्यात अर्धा दिवस जातो म्हणून जे कुरकुरतात, त्यांना मी ही रांग दाखवतो.

८. दोन इमारतींमध्ये तांबं नको

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. तिच्यात पुरलेले पीव्हीसीचे पाइप सांध्यांतून सुटतात, आत पाणी भरतं. दोन इमारतींमध्ये बिनसांध्याचा एचडीपीई पाइप टाकावा आणि त्यातून फायबर न्यावं. फायबरचं खरं कारण मात्र आकाशात आहे. रोहिणी-मृगाच्या सुमाराला आणि परतीच्या पावसात विजा पडतात, तेव्हा इमारतींच्या जमिनीतल्या विजेच्या दाबात फरक पडतो आणि तांब्याची तार तो थेट दोन्ही बाजूंच्या स्विचपर्यंत नेते. काचेतून करंट जात नाही. आर्मर्ड फायबर असेल तर त्याचं धातूचं कवच इमारतीत शिरतानाच अर्थिंगला जोडा. रॅकचंही अर्थिंग स्वतंत्र तपासून घ्या. तीन पिनांचा प्लग दिसला म्हणजे मागं अर्थिंग आहेच असं नाही.

धान्य आहे तिथं उंदीर आहेत. गोदामात जीआय पाइप, आणि भिंतीचं प्रत्येक भोक सिमेंटनं बंद.

९. दिवे लागले म्हणजे तार पास झाली असं नाही

आठ दिव्यांचा छोटा टेस्टर एवढंच सांगतो की एका टोकाची तार दुसऱ्या टोकाच्या त्याच पिनेवर पोहोचली. कुणी दोन्ही बाजूंना रंग नुसते ओळीनं लावले, नारंगी जोडी शेजारी-शेजारी, हिरवी शेजारी-शेजारी, तरी आठही दिवे लागतात. पण तिसरी आणि सहावी पिन मिळून एक जोडी व्हायला हवी, ती आता दोन वेगळ्या पिळांत विभागलेली असते आणि सिग्नल एकमेकांत मिसळतो. लांब तारेवर नेट मग धापा टाकत चालतं आणि दोष मात्र इंटरनेट पुरवणाऱ्याला दिला जातो.

तार प्रमाणित करणारं यंत्र लाखांच्या घरात जातं, पण मोठ्या कामाला ते भाड्यानं आणता येतं. लहान कामात निदान दोन्ही टोकांना लॅपटॉप लावून गिगाबिट जोडणी टिकते का पाहावं, आणि मोठी फाइल इकडून तिकडं पाठवून वेळ बघावी. प्रत्येक नंबरापुढं निकाल लिहून सहीसकट तो कागद मालकाला द्यावा.

१०. दरपत्रकात ओळ वेगळी ठेवा

ड्रेसिंग, लेबल आणि टेस्टिंग हे ‘इन्स्टॉलेशन’ या एका शब्दात घातलं की घासाघीस सुरू होताच पहिली कात्री त्यालाच लागते. मी या तिन्हींच्या वेगळ्या ओळी टाकतो, त्यांचे दर लिहितो आणि मालकाला विचारतो की यातली कोणती कमी करू. लेबलाची ओळ बऱ्याच जणांना आधी नको असते. तेव्हा त्यांच्याच जुन्या रॅकचं दार उघडून मी एक तार हातात देतो आणि विचारतो, ही कुठं जाते? त्यानंतर ती ओळ सहसा राहते.