आपली आकाशगंगा : बडोद्याच्या आकाशातून

बडोदे (वडोदरा) शहरातील सयाजीबागेत सरदार पटेल तारामंडळ आहे. तारामंडळाच्या अर्धगोल छतावर प्रक्षेपकाच्या साहाय्याने रात्रीच्या आकाशाचे चित्र उमटविता येते व त्यात एका क्षितिजापासून दुसऱ्या क्षितिजापर्यंत गेलेला फिकट पांढरा पट्टाही दाखविता येतो. हा पट्टा म्हणजे आकाशगंगा होय. छताखालून बाहेर पडून त्याच रात्री शहरात कोठेही मान वर केली तर मात्र तो पट्टा दिसत नाही. रस्त्यांवरील व इमारतींवरील दिव्यांचा उजेड हवेतील धूळ व धूर यांवरून परावर्तित होऊन आकाशभर पसरलेला असतो आणि आकाशगंगेचा मंद प्रकाश त्यात लोपून जातो. याउलट डभोई तालुक्यात नर्मदाकाठी चांदोदच्या बाजूस किंवा पूर्वेकडे छोटा उदेपूरच्या डोंगराळ भागात गेल्यास, चंद्र नसलेल्या निरभ्र रात्री हाच पट्टा कोणत्याही उपकरणावाचून दिसू शकतो. शहरातील मुलाला जे पाहण्यासाठी तिकीट काढावे लागते, ते खेड्यातील मुलाच्या अंगणावर पसरलेले असते. मात्र आपण नेमके काय पाहत आहोत, हे त्याला बहुधा कोणी सांगितलेले नसते.

मराठी व गुजराती या दोन्ही भाषांत या पट्ट्याला आकाशगंगा असेच म्हणतात. ग्रीक लोकांना त्यात सांडलेले दूध दिसले व त्यावरून युरोपीय भाषांत दुधाचा मार्ग हे नाव रूढ झाले. आपल्या पूर्वजांना नदी दिसली, आणि खरे म्हणजे तीच उपमा अधिक चपखल आहे. नदीप्रमाणे हा प्रवाह कोठे रुंद तर कोठे अरुंद होतो, त्याला फाटे फुटतात व मध्ये बेटेही दिसतात.

इ. स. १६१० मध्ये गॅलिलिओने आपल्या लहानशा दुर्बिणीतून पाहिलेल्या गोष्टी प्रसिद्ध केल्या. आकाशगंगा हा ढग किंवा वाफ नसून वेगवेगळे न दिसणाऱ्या असंख्य ताऱ्यांचा तो समुदाय आहे, ही त्यांपैकी एक होय. परंतु हे तारे पट्ट्याच्याच आकारात का दिसावेत? ते आकाशभर सारखे विखुरलेले का नाहीत? या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास पुढे बराच काळ लागला.

आजच्या ज्ञानानुसार सूर्य हा ताऱ्यांच्या एका प्रचंड समूहाचा घटक आहे. अशा समूहास मराठीत दीर्घिका म्हणतात, व आपल्या दीर्घिकेस आकाशगंगा हेच नाव दिले जाते. तिचा आकार चपट्या तबकडीसारखा असून मध्यभागी फुगवटा आहे. तबकडीचा व्यास सुमारे १ लाख प्रकाशवर्षे, तर जाडी केवळ १ हजार प्रकाशवर्षांच्या आसपास आहे. तीत १० हजार कोटी ते ४० हजार कोटी तारे असावेत असा अंदाज आहे. पृथ्वी या तबकडीच्या आतच असल्याने तबकडीच्या पातळीत पाहिले असता नजरेच्या रेषेत तारेच तारे येतात व त्यांचा पट्टा दिसतो. पातळीच्या वर किंवा खाली पाहिल्यास तारे विरळ दिसतात. उसाच्या फडात उभे राहिलेल्या माणसास चहूकडे उसाची भिंत दिसते, परंतु वर पाहिल्यास मोकळे आकाश दिसते, तसाच हा प्रकार आहे. नुसत्या डोळ्यांनी दिसणारे सुटे तारे, म्हणजे अभिजित, ज्येष्ठा, श्रवण, मृगातील तारे, सप्तर्षी, हे सर्व याच दीर्घिकेतील व बहुतेक आपल्या शेजारचे आहेत.

अंतरांची कल्पना

प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. सूर्यापासून निघालेला किरण पृथ्वीवर पोहोचण्यास ८ मिनिटे २० सेकंद लागतात. असा प्रकाश एका वर्षात जितके अंतर कापतो त्यास प्रकाशवर्ष म्हणतात, व ते सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर भरते. हा आकडा पाठ करता येतो, परंतु तो डोळ्यांपुढे उभा राहत नाही. त्यासाठी वर्गात पुढील हिशेब करून पाहण्यासारखा आहे.

सूर्यापासून नेपच्यूनपर्यंतची सारी सूर्यमाला अडीच सेंटिमीटर व्यासाच्या एका नाण्यावर मावली आहे असे समजावे. सूर्य या प्रमाणात डोळ्यांना न दिसणारा कण होईल आणि पृथ्वीचा तर प्रश्नच नाही. हे नाणे बडोद्याच्या जुन्या शहरातील मांडवीच्या चौकात ठेवले, तर सर्वांत जवळचा दुसरा तारा (अंतर सव्वाचार प्रकाशवर्षे) तेथून सुमारे ११० मीटरवर येईल. म्हणजे तो त्याच बाजारात, चालत दोन मिनिटांच्या अंतरावर असेल. येथपर्यंत सर्व सोपे वाटते. परंतु याच प्रमाणात आकाशगंगेचे केंद्र बडोद्याच्या दक्षिणेस सरळ रेषेत सुमारे ७०० किलोमीटरवर, कोकणात सावंतवाडीच्या आसपास पडेल, आणि संपूर्ण दीर्घिकेचा व्यास २,६०० किलोमीटर होईल. जवळजवळ भारताच्या पूर्व-पश्चिम रुंदीएवढी तबकडी, तिची जाडी सुमारे २६ किलोमीटर, आणि त्यात सूर्यमालेचे एक नाणे! विद्यार्थ्यांनी नकाशावर कंपास घेऊन हे वर्तुळ स्वतः काढल्यास केंद्र, कडा व सूर्याचे स्थान यांचा परस्परसंबंध त्यांच्या कायमचा लक्षात राहील.

केंद्राचा शोध

आकाशगंगेच्या केंद्रापासून सूर्य २६ ते २७ हजार प्रकाशवर्षे दूर आहे, हे आज सहज सांगितले जाते. पूर्वी मात्र सूर्य केंद्राजवळच असल्याचा समज होता. इ. स. १७८५ मध्ये विल्यम हर्शेलने आकाशाच्या निरनिराळ्या भागांतील तारे मोजून आकाशगंगेचा आराखडा काढला व त्यात सूर्यास जवळजवळ मध्यावर बसविले. हर्शेलच्या निरीक्षणात हयगय नव्हती. फसगत झाली ती धुळीमुळे. हिवाळ्यातील दाट धुक्यात शेतात उभ्या असलेल्या माणसास सर्व बाजूंना सारख्याच अंतरापर्यंत दिसते व आपण शेताच्या मध्यभागी आहोत असे वाटते, मग तो प्रत्यक्षात बांधालगत का उभा असेना! आकाशगंगेच्या तबकडीत ताऱ्यांच्या दरम्यान सूक्ष्म धूळ पसरलेली आहे व ती दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश अडविते, हे १९३० मध्ये रॉबर्ट ट्रम्प्लर याने पुराव्यानिशी दाखविले.

त्याआधीच १९१८ मध्ये हार्लो शॅप्ली या अमेरिकन शास्त्रज्ञाने वेगळ्या वाटेने सूर्याचे खरे स्थान ओळखले होते. लाखो ताऱ्यांचे दाट गोलाकार गुच्छ आकाशात ठिकठिकाणी आढळतात. त्यांपैकी पुष्कळसे तबकडीच्या वर व खाली असल्याने धुळीच्या आड येत नाहीत. हे गुच्छ आकाशात चहूकडे सारखे नसून धनु राशीच्या दिशेस दाटलेले आहेत, यावरून त्याने दीर्घिकेचे केंद्र त्या दिशेस व सूर्यापासून फार दूर असल्याचा निष्कर्ष काढला. त्याने काढलेले अंतर प्रत्यक्षापेक्षा बरेच जास्त होते, परंतु दिशा अचूक होती. पृथ्वी विश्वाच्या मध्यभागी नाही हे कोपर्निकसने सांगितले. सूर्यही आपल्या दीर्घिकेच्या मध्यभागी नाही हे शॅप्लीच्या कामाने दिसून आले. पुढे १९२३ मध्ये एडविन हबल याला देवयानी तारकासमूहातील तेजोमेघात एक विशिष्ट प्रकारचा स्पंदन पावणारा तारा सापडला. त्यावरून तो तेजोमेघ आकाशगंगेच्या पार बाहेरची स्वतंत्र दीर्घिका असल्याचे सिद्ध झाले. तिचे अंतर आज सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे मानले जाते.

धुळीपलीकडे पाहण्याचे उपाय विसाव्या शतकात सापडले. दूरध्वनीच्या रेडिओ संदेशांतील खरखर कोठून येते याचा तपास करताना कार्ल जान्स्की या अभियंत्यास १९३३ च्या सुमारास आढळून आले की, तिचा काही भाग आकाशगंगेच्या केंद्राकडून येतो. रेडिओ लहरींना धुळीचा अडथळा होत नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जी विशाल रेडिओ दुर्बीण आहे, ती याच लहरी टिपते. अवरक्त किरणही धुळीतून बऱ्याच अंशी पार होतात. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेची अबू पर्वतावर गुरुशिखर येथे १.२ मीटर व्यासाची दुर्बीण अवरक्त निरीक्षणांसाठी आहे. परदेशातील मोठ्या दुर्बिणींनी अशाच किरणांच्या साहाय्याने केंद्राजवळील ताऱ्यांच्या कक्षा वर्षानुवर्षे मोजल्या. त्यांपैकी एक तारा केवळ १६ वर्षांत एका अदृश्य वस्तूभोवती फेरी पूर्ण करतो. त्यावरून तेथे सूर्याच्या ४० लाख पटींहून अधिक वस्तुमान एका लहान जागेत एकवटले आहे, म्हणजेच ते कृष्णविवर असले पाहिजे, असे ठरले. या कामाबद्दल राइनहार्ड गेंझेल व अँड्रिया गेझ यांना २०२० च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, आणि १२ मे २०२२ रोजी त्या कृष्णविवराच्या छायेचे पहिले चित्र प्रसिद्ध करण्यात आले.

केंद्राची दिशा धनु व वृश्चिक या राशींच्या सीमेजवळ, म्हणजे वृश्चिकाच्या शेपटीतील मूळ नक्षत्रापासून फार दूर नाही. नक्षत्राचे नाव मूळ असावे व दीर्घिकेचे केंद्रही तिकडेच असावे, हा केवळ योगायोग होय. नाव देणाऱ्यांना केंद्राची कल्पना असण्याचे कारण नव्हते. या नक्षत्रावर जन्मलेल्या मुलामुलींविषयी जी भीती बाळगली जाते व विशेषतः मुलींच्या विवाहात ज्या अडचणी आणल्या जातात, त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मूळ नक्षत्रातील ठळक तारे काही शेकडो प्रकाशवर्षे दूर आहेत. मुलीच्या जन्माच्या रात्री जो प्रकाश दिसला, तो तिच्या पणजोबांच्या पणजोबांच्याही आधी त्या ताऱ्यांवरून निघालेला होता.

सूर्यही स्थिर नाही. तो सर्व ग्रहांसह सेकंदाला सुमारे २३० किलोमीटर वेगाने केंद्राभोवती फिरत असून एका फेरीस त्यास २२ ते २५ कोटी वर्षे लागतात. गुजरातच्या महिसागर जिल्ह्यात बालासिनोरजवळ रैयोली येथे डायनोसॉरची अंडी व हाडे जीवाश्मरूपात सापडली आहेत. हे प्राणी तेथे वावरत होते त्यास साडेसहा कोटी वर्षांहून अधिक काळ लोटला. तेव्हापासून आजवर सूर्याची जेमतेम पाव फेरी, किंवा त्याहून थोडी अधिक, झाली आहे. दीर्घिकेच्या कडेचे तारे व वायू ज्या वेगाने फिरतात, तो दिसणाऱ्या ताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणाने समजावता येत नाही. त्यासाठी न दिसणारे पुष्कळ द्रव्य मानावे लागते. ते द्रव्य नेमके कशाचे आहे, हा आजही न सुटलेला प्रश्न आहे.

उजेडाचा अंधार

इ. स. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीनुसार पृथ्वीवरील एकतृतीयांशाहून अधिक लोकांना आपल्या राहत्या ठिकाणाहून आकाशगंगा दिसत नाही. हा प्रश्न आता केवळ शहरांचा राहिलेला नाही. गावोगाव प्रखर पथदिवे लागले आहेत. रस्त्यावर उजेड असणे हे सुरक्षिततेसाठी आवश्यकच आहे व त्याविषयी वाद नाही. परंतु उघडा किंवा तिरपा बसविलेला दिवा आपल्या प्रकाशाचा काही भाग आकाशाकडे फेकतो, आणि त्या भागाचे वीजबिलही ग्रामपंचायतच भरते. दिव्यास वरून आच्छादन असले व तो सरळ खाली वळविलेला असला, तर कमी विजेत रस्ता उजळतो व आकाशही काळे राहते. महाराष्ट्रात नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पास जानेवारी २०२४ मध्ये काळोख्या आकाशाचे उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी परिसरातील गावांचे दिवे जमिनीकडे वळविण्यात आले. नवे दिवे मागविताना अथवा जुने बदलताना संबंधित अधिकाऱ्यांनी व सरपंचांनी ही बाब पाहिल्यास वेगळा खर्च करावा लागत नाही. एकदा दिवे बसून गेले, की ते पुढे अनेक वर्षे तसेच राहतात.

निरीक्षणाची वेळ

बडोद्याच्या अक्षांशावर (२२ अंश १८ मिनिटे उत्तर) आकाशगंगेच्या केंद्राची दिशा दक्षिण क्षितिजापासून जास्तीत जास्त सुमारे ३९ अंश वर येते. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश झाकते. त्यामुळे क्षितिजापासून एकावर एक चार मुठी मोजल्या की ती जागा सापडते. ही स्थिती जूनच्या अखेरीस मध्यरात्री येते, परंतु तेव्हा पावसाळी ढग असतात. म्हणून मेच्या आरंभी पहाटे साडेतीन ते चारची वेळ योग्य ठरते. सुटीत अंगणात निजणाऱ्या मुलांना तेवढ्यापुरते उठविण्यास हरकत नसावी. दुसरी सोयीची वेळ पावसाळ्यानंतरची होय. कोजागिरीस पूर्ण चंद्र असल्याने काहीच दिसणार नाही, आणि नवरात्रात बडोद्यात गरब्याच्या मांडवांपुढे ताऱ्यांचा निभाव लागत नाही. मात्र कोजागिरीनंतर पाच-सहा दिवसांपासून दिवाळीपर्यंत संध्याकाळी चंद्र नसतो. त्या दिवसांत साडेसातच्या सुमारास गावाबाहेर जावे. आकाशगंगा नैर्ऋत्येकडे धनु राशीपासून वर चढून श्रवण नक्षत्राजवळून डोक्यावर हंस तारकासमूहात येते व ईशान्येकडे शर्मिष्ठेच्या बाजूस उतरते. हंसापासून नैर्ऋत्येकडे ती दोन फाट्यांत दुभंगलेली दिसते. मधल्या काळ्या पट्टीत तारे नाहीत असे नव्हे. हर्शेलला फसविणारी धूळ ती हीच.

डोळ्यांना अंधाराची सवय होण्यास वीस मिनिटे लागतात. त्या वेळात बॅटरी किंवा मोबाइल पेटवू नये. पट्टा एकदम न दिसल्यास थोडे बाजूला पाहावे, म्हणजे फिकट प्रकाश अधिक चांगला जाणवतो. हवेत धूर किंवा धुके असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे.