हनुसंधीचे विकार : तेल योजण्यापूर्वीचे परीक्षण

तोंड पुरते उघडत नाही, घास चावताना कानापुढे दुखते, जांभई दिली की कट् असा आवाज येतो, सकाळी उठल्यावर जबडा जड वाटतो, अशा तक्रारी घेऊन येणारे रुग्ण ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील वैद्यांना अपरिचित नाहीत. यांतील पुष्कळसे प्रथम दंतवैद्याकडे किंवा कानाच्या तज्ज्ञाकडे जाऊन येतात. दात चांगले, कानही चांगला, असे ऐकल्यावर मग आयुर्वेद आठवतो. काही जण तर वैद्याची पायरीही चढत नाहीत. थेट औषधाच्या दुकानात जाऊन 'जबड्याला लावायचे तेल' मागतात. हनुग्रह हा वातव्याधी आणि वातावर तेल श्रेष्ठ, हे आपणा सर्वांस मुखोद्गत असल्याने तेल दिलेही जाते.

या घाईविषयीच प्रस्तुत लेखात विवेचन करावयाचे आहे. तोंड न उघडणे हे लक्षण आहे. त्याच्या मागे शुद्ध वाताचा हनुग्रह असू शकतो, तसाच सुपारीने जडलेला आणि पुढे कर्करोगाकडे झुकणारा मुखरोगही असू शकतो. आपल्या भागात हा दुसरा प्रकार दुर्मीळ मुळीच नाही, आणि त्यात नुसत्या तैलाभ्यंगावर घालविलेले महिने रुग्णाला महाग पडतात.

शारीर

सुश्रुताचार्यांनी संधींचे आठ प्रकार सांगून हनूच्या दोन्ही बाजूंच्या संधींस 'वायसतुण्ड' म्हटले आहे. कावळ्याची चोच उघडताना व मिटताना पाहिली असता हे नाव किती यथार्थ आहे ते कळते. अधोहनु हे एकच अस्थि दोन टोकांनी दोन्ही शंखास्थींशी जोडलेले असल्याने एका बाजूचा संधी बिघडला की दुसऱ्या बाजूलाही त्याचा भार सोसावा लागतो. रुग्ण उजवीकडे दुखते म्हणून सांगत असला तरी डावा संधी तपासल्यावाचून सोडू नये, तो याचकरिता.

आधुनिक शारीराप्रमाणे या संधीत दोन गती आहेत. तोंड उघडण्याच्या आरंभी अधोहनूचे टोक जागच्या जागी फिरते. साधारण २० ते २५ मिलिमीटरनंतर ते पुढे सरकते. दोन अस्थींच्या मध्ये तंतुमय चकती असते व ती टोकासोबत पुढे-मागे जाते. चकती जागेवरून सरकली आणि तोंड उघडताना पुन्हा जागी आली की 'कट्' आवाज होतो. ती परत जागी येईनाशी झाली की आवाज थांबतो, पण तोंडही अर्ध्यावर अडते आणि हनुवटी दुखऱ्या बाजूकडे वळते. म्हणून पूर्वी होणारा आवाज 'आपोआप बरा झाला' आणि त्याच सुमारास तोंड कमी उघडू लागले, असे रुग्ण सांगत असेल तर ते सुधारणेचे चिन्ह समजू नये.

हेतू

वाग्भटाचार्यांनी हनुग्रहाची कारणे मोजकी सांगितली आहेत : जिव्हेचे अतिलेखन, शुष्क पदार्थांचे भक्षण आणि अभिघात. त्यांनी हनुमूलात प्रकुपित झालेला वायू जबडा उघडा तरी ठेवतो वा मिटून तरी टाकतो, आणि चर्वण व भाषण कष्टाचे होते. अर्दिताच्या हेतूंत येणारे मोठ्याने बोलणे, कठीण पदार्थ फोडणे, विषम शय्या हेही येथे विचारात घ्यावेत.

आजच्या रुग्णात हे हेतू शोधावयाचे तर त्याचा दिवस विचारावा लागतो. पहाटेची लोकल, उभ्याने प्रवास, मान आणि खांद्यामध्ये दाबून धरलेला भ्रमणध्वनी, दुपारी घाईने गिळलेला डबा, रात्री परतल्यावर जागरण. यांत वातप्रकोपास काय कमी आहे? पुष्कळ जण चिंतेच्या भरात दिवसाही दात आवळून बसतात आणि त्यांना त्याची जाणीव नसते. झोपेत दात खाण्याची सवय तर रुग्णापेक्षा घरातील माणसांना अधिक ठाऊक असते. तेव्हा सोबत आलेल्या पत्नीस वा आईस हा प्रश्न अवश्य विचारावा. एका बाजूची दाढ काढलेली असून तेथे कवळी बसविलेली नसणे, दाताच्या उपचारासाठी फार वेळ आ करून बसावे लागणे, हीदेखील नित्य आढळणारी कारणे होत.

परीक्षण

यासाठी लागणारे साहित्य अत्यल्प आहे : मिलिमीटरची लहान पट्टी, विजेरी, हातमोजे. रुग्णास वेदना न होता जेवढे उघडेल तेवढे तोंड उघडावयास सांगावे आणि वरच्या व खालच्या पटाशीच्या दातांमधील अंतर मोजून केसपेपरवर तारखेसह लिहावे. प्रौढात हे अंतर सामान्यतः ४० मिलिमीटर वा अधिक असते. पट्टी नसेल तर रुग्णाची स्वतःचीच तीन बोटे उभी आत जातात की नाही ते पाहावे. अंगुलीप्रमाण स्वतःच्या अंगुलीने घ्यावे हा आपला शास्त्रसंकेत येथेही चपखल बसतो. मोजल्याशिवाय 'थोडा फरक वाटतो' या रुग्णाच्या बोलण्यास अर्थ नाही.

त्यानंतर कानापुढे दोन्ही बाजूंस बोटे ठेवून उघडझाप करावयास सांगावी. स्पर्शासह वेदना, आवाज, हनुवटीचे एका बाजूस वळणे यांची नोंद करावी. गालाचा मॅसेटर व शंखप्रदेशाचा टेम्पोरॅलिस स्नायू दाबून पाहावेत. विकार संधीत नसून केवळ या स्नायूंत असणारे रुग्ण बरेच असतात. नुसता आवाज आहे, वेदना नाही आणि तोंडही पुरते उघडते, अशा व्यक्तीस उपचाराची गरज नसते. तिला तसे स्पष्ट सांगून परत पाठवावे.

आता सर्वांत महत्त्वाचे, आणि बहुधा राहून जाणारे परीक्षण. विजेरीने गालांची आतील बाजू, मृदुतालू आणि जिभेची हालचाल पाहावी. श्लेष्मल त्वचा पांढुरकी, संगमरवरासारखी दिसते काय? गालाच्या आत बोट फिरविल्यास दोरीसारखे ताठ पट्टे लागतात काय? तिखट खाल्ल्यावर आग होते काय? जीभ पूर्ण बाहेर येते काय? या लक्षणांचा समूह मिळाला तर विकार संधीचा नाही. तो सुपारीजन्य मुखतंतुमयता, म्हणजे सबम्यूकस फायब्रोसिस होय. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी केनियातील भारतीय स्त्रियांत या विकाराची नोंद केली आणि पुढच्याच वर्षी मुंबईचे कान-नाक-घसातज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी भारतातील रुग्णांत तो वर्णिला. सुपारीतील ॲरेकोलिनादी घटकांनी श्लेष्मल त्वचेखाली तंतू साठत जातात व गाल आतून आखडतात. तंबाखू नसलेली केवळ सुपारीही यास पुरेशी आहे, हे रुग्णांना पटत नाही. 'मी गुटखा खात नाही, फक्त गोड सुपारी' असे उत्तर हमखास मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला मनुष्यातील निश्चित कर्करोगकारक द्रव्यांत गणले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधकांनी केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांचा १७ वर्षांच्या कालावधीत मागोवा घेतला, त्यांतील ७.६ टक्क्यांना मुखाचा कर्करोग झाल्याचे १९८५ साली प्रसिद्ध झाले. सर्व साठ-सत्तर रुग्णांच्या तोंडी तेव्हा आरंभी 'तोंड उघडत नाही' हीच तक्रार असेल असे नाही, परंतु आपल्या केसपेपरवर ती तक्रार आली असता हा आकडा डोळ्यांपुढे असावा.

महाराष्ट्रात २००२ साली गुटख्यावर बंदी आली, २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने ती टिकली नाही, आणि २०१२ च्या जुलैपासून अन्नसुरक्षा कायद्याखाली बंदी पुन्हा लागू झाली. पुढे सुगंधित सुपारीचाही तीत समावेश झाला. तरीही पुड्या कोठे मिळतात हे स्थानकाबाहेर उभे राहणाऱ्या कोणासही विचारावे लागत नाही.

आणखी काही अवस्था तत्काळ ओळखता आल्या पाहिजेत. ताप, गालाची सूज व अक्कलदाढेजवळ वेदना असल्यास पू झाला आहे काय हे दंतवैद्याकडून पाहून घ्यावे. काही दिवसांपूर्वी जखम झालेली असून जबडा आवळला जात असेल, मान व पाठ ताठरत असेल, तर तो धनुस्तंभाचा, म्हणजे धनुर्वाताचा आरंभ समजून क्षणभरही न थांबता रुग्णालयात पाठवावे. उलटीवरील मेटोक्लोप्रामाइडसारखे औषध घेतल्यावर तरुणात एकाएकी जबडा व मान वाकडी होते. येथे औषधविक्रेत्याने 'कालपासून काय घेतले' एवढे विचारले तरी निदान होते. पन्नाशीनंतर चावता चावता जबडा दुखू लागणे, शंखप्रदेशी वेदना आणि दृष्टी अंधुक होणे हे रक्तवाहिनीच्या शोथाचे लक्षण असून त्यात दृष्टी कायमची जाण्याचा धोका असतो. चालताना वा जिना चढताना जबडा दुखत असेल तर ईसीजी आधी काढावा.

चिकित्सा

जांभईनंतर जबडा उघडाच राहिला, म्हणजे हनु स्थानभ्रष्ट झाली, तर चरकाचार्यांनी वातव्याधिचिकित्सेत सांगितलेली क्रिया आजही तशीच शिकविली जाते : स्वेदनानंतर अंगठ्यांनी हनु खाली दाबावी आणि तर्जनींनी हनुवटी वर उचलावी. इजिप्तच्या एडविन स्मिथ पपायरसमध्ये आणि हिप्पोक्रेटिसाच्या संधिविषयक ग्रंथातही हीच पद्धत आढळते. अंगठ्यांना जाड कापड गुंडाळावे, कारण जबडा बसताच दात जोराने मिटतात. रुग्णाला खाली बसवून डोके भिंतीला टेकवावे. सुश्रुताचार्यांनी त्यानंतर सांगितलेला पंचांगी बंध काही दिवस ठेवावा आणि जांभई येताच हनुवटीखाली मूठ धरावयास शिकवावे. मार लागल्याचा इतिहास असेल तर अस्थिभग्नाची शंका धरून क्ष-किरण चित्राशिवाय हात लावू नये. जुने स्थानभ्रंश आणि सराव नसलेले वैद्य, दोघांसाठीही रुग्णालय हाच मार्ग.

स्नायुगत व चकतीच्या साध्या विकारांत स्नेहन-स्वेदनाचे यश उत्तम येते. कानापुढे, गालावर व मानेवर क्षीरबला किंवा महानारायण तेलाचा हलका अभ्यंग, त्यावर कोमट ओल्या फडक्याचा शेक दिवसातून दोनदा. शंखमर्माजवळ रगडू नये. प्रतिमर्श नस्य प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब पुरे. कान फुटलेला वा वाहणारा असल्यास कर्णपूरण वर्ज्य. चरकाचार्यांनी तैलगंडूषाने हनूस बल येते असे म्हटले आहे. पण गंडूष म्हणजे तेल तोंडात स्थिर धरणे. अलीकडे पंधरा-वीस मिनिटे तेल जोराने घुसळण्याची जी पद्धत पसरली आहे, तिने आधीच थकलेला मॅसेटर अधिकच थकतो, असे आमचे मत आहे. अभ्यंतर योजनेत साम अवस्था असेल तर आधी पाचन व रास्नासप्तक क्वाथ. निराम, कृश, जागरणाने खंगलेल्यास अश्वगंधासिद्ध दूध. रात्री दात खाणाऱ्यास पादाभ्यंग आणि शिरोधारा यांसोबत दंतवैद्याकडून दातांवर बसविण्याची पट्टीही करून घ्यावी. त्यात कमीपणा मानू नये.

पथ्य सांगताना 'कठीण खाऊ नका' एवढ्याने भागत नाही. चिक्की, भाजलेले कणीस, सुके खोबरे, चघळायचा गोंद बंद. मऊ भात, मुगाची खिचडी, तूप-दूध. घास लहान आणि दोन्ही बाजूंनी चावावयाचा. ओठ मिटलेले पण आतील दात एकमेकांना न टेकलेले, ही जबड्याची विश्रांत स्थिती रुग्णास आरशापुढे दाखवावी.

सुपारीजन्य विकारात उष्ण, तीक्ष्ण तेले व कडक स्वेदन टाळावे; दाह वाढतो. सुपारी पूर्ण बंद करणे ही पहिली चिकित्सा. यष्टिमधुसिद्ध घृत आतून लावणे, त्रिफळा व हळदीचे कोमट कवल, आणि नियमाने तोंड उघडण्याचे व्यायाम यांनी आग व जखडलेपण काहीसे कमी होते. तयार झालेले तंतू विरघळवून देतो असे आश्वासन मात्र कोणी देऊ नये. पांढरा वा लाल डाग, तीन आठवड्यांत न भरणारा व्रण दिसल्यास बायॉप्सीकरिता पाठवावे. कल्याण-डोंबिवलीच्या रुग्णास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचे शासकीय दंत महाविद्यालय एकाच गाडीने गाठता येते. मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय आणि परळचे टाटा स्मारक रुग्णालय हेही जवळच आहेत.

औषधविक्रेत्यांसाठी

महाविषगर्भ तेलात धोत्रा व वत्सनाभ आहेत. ते नाकात, कानात, तोंडात जाता कामा नये आणि मुखाजवळ लावण्यास वैद्याच्या सूचनेशिवाय देऊ नये. अभ्यंगाचे सुगंधित तेल नस्याला चालेल काय, असे गिऱ्हाईक विचारते. उत्तर नाही असेच द्यावे. महामाष तेलाचे सामिष व निरामिष असे दोन पाठ आहेत, आणि सामिषात बोकडाचे मांस असते. आपल्या भागात शाकाहारी व जैन गिऱ्हाईक मोठे, म्हणून लेबल वाचून सांगावे; वैद्यांनीही चिठ्ठीवर 'निरामिष' हा शब्द लिहावा. दर पंधरवड्याला जबड्याचे तेल नेणारा तरुण जर शेजारच्या टपरीवरून सुपारीची पुडी घेऊन येत असेल, तर तिसरी बाटली देण्याऐवजी त्याला वैद्याकडे तोंड दाखविण्यास पाठवावे.