माऊस ज्याचा त्याच्या हाती



तुम्ही अक्षरे शिकलात. आता तुम्ही गाडीवरची पाटी वाचता. अंगठ्याऐवजी सही करता. पण पहिल्या दिवशी पाटीपुढे बसलात, तेव्हा छातीत कसे धडधडले होते, आठवते ना? चुकले तर लोक हसतील, असे वाटले होते ना? आज त्या धडधडीविषयीच बोलू. आजचा विषय आहे कॉम्प्युटर आणि त्यातले लिनक्स.

लिनक्स म्हणजे काय?

मोठ्या वाड्यात एक कारभारी असतो. धान्य कुठे ठेवायचे, कोणी कोणते काम करायचे, हे तो ठरवतो. कॉम्प्युटरलाही असा कारभारी लागतो. कीबोर्डवर आपण अक्षर दाबतो. ते स्क्रीनवर दाखवणे, जपून ठेवणे, कागदावर छापून घेणे, ही सारी कामे हा कारभारी करवून घेतो. विंडोज हा असा एक कारभारी आहे. लिनक्स हा दुसरा.

फिनलंड नावाचा एक थंड देश आहे. तिथे लिनस टोरवाल्ड्स नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. त्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला केला. त्याआधी १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी अशाच खुल्या कामाची हाक दिली होती. पुढे जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली.

खुले म्हणजे कसे? शेजारणीने लोणच्याची कृती सांगावी, तसे. तुम्ही ती करून पाहा, मीठ कमीजास्त करा, दुसरीला सांगा. कोणी अडवणार नाही. लिनक्सचेही तसेच आहे. ते बहुतेक फुकट मिळते आणि दुसऱ्याला देता येते.

तुम्ही म्हणाल, हे आमच्या कामाचे नाही. पण तुमच्या खिशातला फोन अँड्रॉइडचा असेल, तर त्याच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. म्हणजे ओळख आधीच झाली आहे. फक्त नाव ठाऊक नव्हते.

भांडुपची हकीकत

आम्ही भांडुपला राहतो. शाळेतून निवृत्त झालो, तरी लोक गुरुजी म्हणूनच हाक मारतात. आमच्याजवळ टेकडीच्या उतारावर चाळी आहेत. तिथल्या बायकांचा एक बचत गट आहे. गटाला कोणीतरी एक जुना कॉम्प्युटर दिला. त्यात विंडोज १० होते. विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. पुढचे विंडोज ११ त्या जुन्या यंत्रावर चढेना. एक दुकानदार म्हणाला, "हा भंगारात द्या, नवा घ्या."

गटाकडे तेवढे पैसे कुठले? मग चाळीतल्या एका मुलाने त्यात लिनक्स घातले. जुना कॉम्प्युटर पुन्हा झरझर चालू लागला. मुलगा रात्रपाळीला निघून गेला. दुसऱ्या दिवशी बायका बसल्या, तर सारेच वेगळे! नेहमीची चित्रे नाहीत, नेहमीच्या जागा नाहीत. गटाच्या खजिनदार ताई आमच्याकडे आल्या. "गुरुजी, जरा बघता का?"

आम्ही गेलो आणि तिथे चूक केली. ताईंना माऊस नीट धरता येईना. आम्ही म्हणालो, "सरका, दाखवतो." माऊस आमच्या हातात घेतला. इथे टिचकी, तिथे टिचकी, झाले काम. आम्हाला वाटले, छान शिकवले.

ताई गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "गुरुजी, तीन वर्षांमागं मला लिहिता येत नव्हतं. दुसरं कुणी लिहायचं, मी नुसता अंगठा उठवायची. आज तुम्ही माऊस फिरवला, मी नुसतं बघितलं. मग फरक तो काय?"

आम्ही खजील झालो. चाळीस वर्षे मुलांना शिकवले आणि हे विसरलो! दुसऱ्याने गिरवलेले अक्षर आपले होत नाही. शिवाय गटाचा हिशेब ज्याच्या हाती, त्याच्या हाती गटाचा पैसा. ताईंना हिशेब स्वतःला मांडता आला नाही, तर त्या नावाच्याच खजिनदार.

त्या दिवसापासून आम्ही एक नियम केला. शिकवताना आपले दोन्ही हात पाठीमागे. बोट दाखवायचे नाही, तोंडाने सांगायचे. चुकले तर चुकू द्यायचे.

पवईचे धडे

आम्हाला तरी लिनक्स कुठे येत होते? आम्हीही नवखेच. पण मदत जवळच निघाली. भांडुपनंतर दादरच्या बाजूला कांजूरमार्ग स्टेशन लागते. तिथून पवईची आयआयटी जवळ आहे. ही संस्था १९५८ साली सुरू झाली. तिथले प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने 'स्पोकन ट्यूटोरियल' नावाचे धडे तयार झाले. एक धडा साधारण दहा मिनिटांचा. स्क्रीनवर काम दिसते आणि आवाज ते समजावून सांगतो. पुष्कळ धडे मराठीतही आहेत. ते फुकट मिळतात. एकदा उतरवून घेतले की इंटरनेट नसले तरी चालतात.

त्यांची रीत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. स्क्रीनच्या एका बाजूला धडा लावायचा. थोडे ऐकायचे, धडा थांबवायचा, दुसऱ्या बाजूला तेच आपल्या हाताने करायचे. आणखी एक गोष्ट. धड्याचा मजकूर आधी एखाद्या नवख्याकडून तपासून घेतात. त्याला जिथे कळले नाही, तिथे मजकूर सुधारतात. म्हणजे नवखा अडला, तर दोष नवख्याचा नाही, सांगण्याचा. हे वाचून आम्ही मनात कान पकडले.

नवखा कुठे अडतो?

ताईंबरोबर शिकताना आम्हाला कळलेल्या गोष्टी सांगतो.

१. आधी चव घ्या. लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. तेव्हा कॉम्प्युटरमधले जुने काही बदलत नाही. आवडले तरच आत घाला. पण घालण्याआधी फोटो आणि कागद दुसरीकडे उतरवून ठेवा. नाहीतर ते पुसले जाऊ शकतात.

२. आपले काम अडणार नाही ना, हे विचारा. विंडोजसाठी केलेले काही कार्यक्रम लिनक्सवर चालत नाहीत. काही प्रिंटरही कुरकुरतात.

३. सी आणि डी नावाचे कप्पे शोधू नका. तुमचे सारे 'होम' नावाच्या घरात असते.

४. टर्मिनल नावाची काळी खिडकी असते. तिथे पासवर्ड लिहिताना पुष्कळदा स्क्रीनवर काहीच उमटत नाही. ताई म्हणाल्या, "बटणं मेली वाटतं." बटणे ठीक होती. मागून कोणी पाहू नये, म्हणून तशी सोय आहे. लिहा आणि एंटर दाबा.

५. मराठी लिहिण्यासाठी सेटिंगमध्ये मराठी कीबोर्ड जोडावा लागतो. त्यातल्या इनस्क्रिप्ट पद्धतीत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला. मात्र एक गंमत आहे. पाटीवर 'कि' लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो. इथे आधी क दाबायचा, मग वेलांटी. ताई तिथे दोन दिवस अडल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी 'किराणा' लिहिला.

पुढे काय झाले?

महिन्याभरात ताईंनी लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये गटाचा हिशेब मांडला. कॅल्क म्हणजे रकाने आखलेली वहीच, पण बेरीज ती स्वतः करते. बेरीज वहीशी जुळेना. दोनशे रुपयांचा फरक! आमचा हात माऊसकडे निघाला. आम्ही तो मागे घेतला.

ताईंनी एकेक ओळ वाचली. अर्धा तास लागला. वहीत एका बाईचा हप्ता दोनदा चढला होता. ताईंनी तो स्वतः शोधला आणि सर्वांसमोर दाखवला. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसले, ते आम्ही शाळेत निकालाच्या दिवशीही क्वचित पाहिले.

आता ताई दुसऱ्या बाईला शिकवतात. परवा आम्ही दारातून पाहिले. ताईंचे दोन्ही हात पाठीमागे होते.

वाचकहो, तुम्ही शिकाल, तेव्हा विचारायला लाजू नका. शिकवाल, तेव्हा हात आवरा.

उजळणी

१. कॉम्प्युटरचा कारभारी कोणकोणती कामे करवून घेतो?
२. 'कि' हे अक्षर पाटीवर कसे लिहितात? कीबोर्डवर कसे लिहितात?
३. ताई गप्प का झाल्या?
४. तुम्हाला येणारी एक गोष्ट दुसऱ्याला शिकवा. त्याच्या वस्तूला हात लावू नका. काय घडले, ते पाच ओळींत लिहा.