नियंत्रण कक्षातील माणूस

यंत्रे संगणकाच्या स्वाधीन केली की माणसाचे श्रम हलके होतात, असे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. हे विधान किती अपुरे आहे, ते वेल्समधील मिलफोर्ड हेवन येथील अपघाताचा अभ्यास करताना आमच्या ध्यानी आले.

२४ जुलै १९९४, रविवार. सकाळच्या विजांच्या वादळाने तेथील टेक्साकोच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातील काम विस्कळीत झाले. एका टाकीत द्रव साचत राहिला. तो बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह प्रत्यक्षात बंद होता. संगणकाच्या पडद्यावर मात्र तो उघडा दिसत होता. तुंबलेला द्रव पुढे ज्वाला-चिमणीकडे जाणाऱ्या वाहिनीत शिरला, वाहिनी फुटली आणि दुपारी सुमारे २० टन ज्वालाग्राही पदार्थ बाहेर पडून स्फोट झाला. २६ जण जखमी झाले.

अशा वेळी पहिला प्रश्न ठरलेला असतो : ऑपरेटरचे लक्ष कोठे होते? सरकारी चौकशीत त्याचे उत्तर मिळते. स्फोटापूर्वीच्या शेवटच्या सुमारे ११ मिनिटांत दोघा ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले, म्हणजे दर दोन-अडीच सेकंदांना एक. तो वाचायचा, समजून घ्यायचा, बटण दाबून स्वीकारायचा आणि उपायही करायचा. त्यातच बहुतेक अलार्मना 'अतिमहत्त्वाचा' हाच दर्जा दिलेला होता. उत्तरपत्रिकेतील प्रत्येक ओळ लाल शाईने अधोरेखित केल्यावर चूक कोणती, हे विद्यार्थ्याने ओळखायचे कसे?

पूर्वी भिंतभर फलकावर सारा कारखाना एका नजरेत दिसे. नवा अलार्म बसवायचा तर दिवा हवा, तार हवी, फलकावर जागा हवी. म्हणून दहादा विचार होई. संगणकात तो जवळजवळ फुकट पडतो, त्यामुळे अलार्म भरमसाट वाढले. कारखान्याचे समग्र चित्र मात्र निरनिराळ्या पडद्यांत विखुरले गेले आणि ते मनात जुळवण्याचे काम ऑपरेटरवर येऊन पडले. हातांचे श्रम कमी झाले खरे, परंतु शोधणे, आठवणे आणि ताडून पाहणे हे श्रम कोणत्याही हजेरीपटावर नोंदले जात नाहीत.

'इमुआ' या ब्रिटिश संघटनेने १९९९ साली अलार्मविषयी मार्गदर्शिका काढली. नित्याच्या कामकाजात एका ऑपरेटरला सरासरी दहा मिनिटांना एक अलार्म झेपतो, असे तिचे माप आहे. त्या मापाने २७५ अलार्म म्हणजे एका माणसाचे सुमारे ४६ तासांचे काम होते.