जंगलातल्या शाळेचा अभ्यासक्रम

॥ श्री गुरुभ्यो नमः ॥



शाळा सुरू होऊन महिना झाला, की घराघरांतून एक वाक्य ऐकू येऊ लागतं, "शेजारच्या मुलीकडे बघ जरा!" आपल्या उपासनेच्या बैठकीतही तेच वाक्य वेगळ्या कपड्यांत येतं. "त्यांचा रोज अकरा माळा जप होतो, आमचं मन पाच मिनिटं ठरत नाही." पहिलं वाक्य ऐकून मूल मिटून जातं, दुसरं मनात घोळवून साधक आसन सोडतो. म्हणून या वेळचा पाठ यावरच घेतला आहे. बालसंस्कार वर्गातही तो जरूर घ्यावा, मुलांना मजा येईल.

कल्पना करू या, जंगलातल्या प्राण्यांनी शाळा काढली आहे आणि अभ्यासक्रम आपल्याला लिहायचा आहे.

पहिला मसुदा

आपल्याला सवय आहे तसंच लिहू. धावणे, चढणे, पोहणे, उडणे हे चार विषय, सगळ्यांना सक्तीचे. आता विद्यार्थी बोलावू. म्हादईच्या खोऱ्यातून गवा आला. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या घरात जातो. त्याच रानातलं शेकरूही आलं. ते या झाडावरून त्या झाडावर वीस-वीस फुटांची झेप घेतं आणि जमिनीवर क्वचितच उतरतं. गवा गोव्याचा राज्यप्राणी, शेकरू महाराष्ट्राचा. दोघंही मानाचे, पण 'चढणे' या विषयात गव्याला भोपळा मिळणार, हे सांगायला परीक्षा कशाला हवी?

इथवर सगळ्यांना पटतं. मग आपण म्हणतो, "ज्याला जे जमतं ते त्यानं करावं, झालं!" पण पाठ इथं संपवला तर अर्धाच राहील. शेकरूच्या पिल्लालाही पहिली उडी शिकावीच लागते. तेव्हा प्रश्न फक्त विषयांचा नाही. शिकवायचं कसं आणि कधी, हेही ठरवायला हवं. त्यासाठी खरे प्राणी कसे शिकतात ते पाहू.

१. कासवाचा वर्ग : अडथळा काढणे

रान संपून किनारा लागतो तिथला हा विद्यार्थी. गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग इथं सागरी कासवीण वाळूत शंभरेक अंडी घालते आणि समुद्रात परत जाते. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात तेव्हा शिकवायला आई नसते. रात्री समुद्राकडची बाजू उजळ दिसते, त्या उजेडाकडे ती चालू लागतात. मात्र किनाऱ्यावर मोठे दिवे लावलेले असले, तर पिल्लं उलट्या दिशेला भरकटतात. या विद्यार्थ्यासाठी शिक्षकानं करायचं काम एकच, आपला दिवा विझवायचा. काही मुलांना समुद्र कुठं आहे ते ठाऊक असतं, आपल्या हौशीचे दिवे मात्र फार झगमगत असतात.

२. मुंगसाच्या भाऊबंदांचा वर्ग : पायरीनं देणे

दक्षिण आफ्रिकेच्या कलहारी वाळवंटात मीरकॅट नावाचा मुंगसाच्या कुळातला प्राणी आहे. त्याच्या खाण्यात विंचू असतो. लहान पिल्लाला मोठे आधी मेलेला विंचू देतात, मग नांगी काढलेला जिवंत, आणि पिल्लू जाणतं झालं की नांगीसकट. २००६ मध्ये केंब्रिजच्या अभ्यासकांनी याचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातली मोठी गंमत अशी, की पायरी कधी बदलायची हे मोठ्यांना पिल्लाच्या ओरडण्यावरून कळतं. वाढत्या वयाबरोबर हाक बदलते, तसा विंचू बदलतो. शेजारच्या पिल्लाला आज काय मिळालं यावर काही ठरत नाही.

गुरूंचं देणं असंच असतं, मंडळी. एकाला नाम दिलं, एकाला वाचन, एकाला स्वयंपाकघरातली सेवा. याला आपण अधिकारभेद म्हणतो. त्यात वरचा-खालचा असा भेद नसतो. कोणाला आज काय पचेल, एवढंच पाहिलेलं असतं.

३. हत्तीचा वर्ग : वेळ देणे

हत्तीच्या नवजात पिल्लाला आपल्या सोंडेचं काय करावं ते कळत नाही. ती नुसती लोंबते, मध्ये मध्ये येते. सोंडेनं नीट पाणी पिता यायला कित्येक महिने जातात, तोवर ते तोंडानंच पितं. पुढं जी त्याची सगळ्यात मोठी ताकद होणार, तीच आज अडचण वाटते. कळपातलं कुणी त्यावर रागावत नाही. ज्यांचं मन जपात ठरत नाही, त्यांनी ही सोंड लक्षात ठेवावी.

४. सगळ्यांना एकच तास

मग समान विषय काहीच नाही का? आहे. कान्हाच्या जंगलात वानरं झाडावर पाला खातात, खाली पडलेला चितळं खातात. वाघ दिसला की झाडावरचं वानर ओरडतं आणि चितळं सावध होतात. चितळाला झाडावर चढता येत नाही, पण वानराची हाक त्याला कळते. तेव्हा आपल्या अभ्यासक्रमात सक्तीचा विषय हा एकच ठेवू : दुसऱ्याची हाक ओळखणे. घरात आणि सत्संगात याच विषयात आपण सगळे कच्चे असतो.

अवधूतांची उलटी शाळा

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. त्यांत अजगर आहे, मधमाशी आहे, हरीण, हत्ती, मासा आणि कोळीही आहे. आपण प्राण्यांना शिकवायला निघालो, ते प्राण्यांकडून शिकायला बसले. हरीण गाण्याला भुलून फसतं, मासा गळाला लागतो, तरी अवधूतांनी त्यांना नापास केलं नाही, त्यांच्या फसण्यातूनही स्वतःसाठी धडा घेतला. ज्याच्याकडे आपण गुरू म्हणून पाहतो, त्याची तुलना कोण करत बसेल?

या आठवड्याचा गृहपाठ

- घरातल्या प्रत्येक मुलासाठी वरच्या तीनांतला वर्ग निवडा : दिवा विझवायचा आहे, पायरी बदलायची आहे, की नुसतं थांबायचं आहे?
- आठ दिवस घरात "अमक्याकडे बघ" हे वाक्य बंद.
- स्वतःच्या साधनेत दुसऱ्याची माळ मोजू नका. आपली आजची पायरी वहीत एका ओळीत लिहा.
- मुलांना विचारा, "तुझ्या जंगलशाळेत मुख्य गुरुजी कोण?" आणि कारण सांगू द्या. मध्ये बोलू नका, बरं का!

उत्तरं गुरुवारच्या उपासनेनंतर एकमेकांना सांगू.

आपले,
अभ्यासवर्ग सेवेकरी