पोलीस ॲक्शन ते मतपेटी

माझ्या आजोबांची जन्मतारीख घरात कोणालाच माहीत नाही. "मी पोलीस ॲक्शनच्या साली झालो," एवढेच ते सांगतात. राज्यशास्त्राच्या तासाला 'अधिमान्यता' ही संकल्पना शिकताना मला हे वाक्य आठवले. सत्ता बळाने मिळते की संमतीने, या प्रश्नाचे उत्तर आपल्या नांदेड-लातूरच्या इतिहासातच आहे.

हैदराबाद संस्थानात बहुसंख्य प्रजा हिंदू आणि राजा निजाम मीर उस्मान अली खान. १९४६ साली तेथे विधानसभेची निवडणूक झाली. पण मताधिकार मर्यादित व अंतिम सत्ता निजामाचीच, म्हणून स्टेट काँग्रेसने तीवर बहिष्कार टाकला. मताला किंमत नसली की प्रश्न बळावर येतो. लातूरला वकिली करणारा कासीम रझवी रझाकारांचा नेता झाला. खेडीपाडी लुटली गेली, जाळली गेली. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजाम शरण आला.

मुक्ती मिळाली, हे निर्विवाद. परंतु त्या दिवसांत सूडही उगवला गेला, हे आपण सांगत नाही. पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबाद (लातूर तेव्हा त्यातच होते), नांदेड, बीदर व गुलबर्गा हे जिल्हे सर्वाधिक होरपळल्याचे नोंदविले आणि संस्थानभरात २७ ते ४० हजार माणसे प्राणास मुकल्याचा अंदाज दिला. त्यांत बहुतांश मुसलमान होते. रझाकारांशी ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता, असेही होते.

पुढे जनरल चौधरी लष्करी गव्हर्नर झाले आणि १९५० मध्ये वेलोडी मुख्यमंत्री. दोघेही नेमलेले; निवडलेला कोणीच नाही. १९५२ च्या निवडणुकीत मात्र २१ वर्षांवरील प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत मिळाले. विधानसभेच्या १७५ पैकी ९३ जागा काँग्रेसने जिंकल्या व बूर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले. तेलंगणात बंदूक उचललेले कम्युनिस्टही लोकशाही आघाडीच्या नावाने मतपेटीकडे वळले. त्या आघाडीला ४२ जागा मिळाल्या.

निजामाची सत्ता घालवायला फौजेला पाच दिवस लागले. लोकांची सत्ता यायला साडेतीन वर्षे. बळ अन्यायी राज्य मोडू शकते, पण नव्या राज्याला मान्यता देऊ शकत नाही. ती मतानेच मिळते. आणि हरलेल्यांचे मत व जीव सुरक्षित असेल तरच टिकते.

आजोबांना जन्मतारीख नाही, पण मतदार यादीत नाव आहे. मतदानाच्या दिवशी ते धुतलेले धोतर नेसून रांगेत उभे राहतात. अधिमान्यतेचा अर्थ मला पुस्तकाआधी त्या रांगेने शिकविला, असे आता वाटते.